मी न मोजलेल्या बाया

कॉलेजात नवीन होते तेव्हाची गोष्ट. लायब्ररीच्या दारावर ‘शांतता राखा’ अशी पाटी होती. आतल्या मॅडमनी नाव विचारलं, तर मी वाकून ते त्यांच्या कानात सांगितलं. त्यांना वाटलं माझा घसा बसलाय. त्यांनी पर्समधून खडीसाखर काढून दिली. मी ती मुकाट्याने घेतली, कारण खरं काय ते सांगायचं तर पुन्हा बोलावं लागलं असतं.

हे आधी सांगते, कारण पुढचं ऐकून लोक विचारतात, ‘असं कसं केलंस गं?’ आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिली. इथला कोणता नियम पाळायचा आणि कोणता नुसता ऐकून सोडायचा, हे सांगणारं घरी कोणी नव्हतं. म्हणून मी सगळेच पाळत होते.

मी दुसऱ्या वर्षाला होते. पेणच्या बाजारात सकाळी उभं राहिलं की घशात धूर बसायचा. सहा सीटर, टेम्पो, गणपती नेणाऱ्या गाड्या आणि त्यांच्यामध्ये अडकलेल्या मोटारसायकली. हा धूर कमी करायचा म्हणून पालिकेने एक योजना आखायला घेतली होती. बाजाराची मधली गल्ली सकाळी गाड्यांना बंद, सायकली लावायला जागा, आणि आजूबाजूच्या वस्त्यांतून शहरात येण्यासाठी विजेवरच्या छोट्या बस. बस थोड्याच मिळणार होत्या. त्या कुठल्या रस्त्याने न्यायच्या हे ठरवायला लोक कुठून, कशाने येतात ते कळायला हवं होतं. ते मोजायचं काम आमच्या भूगोलाच्या वर्गाकडे आलं.

आमचे सर रोह्याला राहतात. रोज ट्रेनने पेणला येतात आणि स्टेशनपासून कॉलेजपर्यंत चालत. त्यांनी आम्हाला छापलेले तक्ते दिले. चारचाकी, तीनचाकी, दुचाकी, सायकल, पायी. प्रत्येकामागे एक उभी रेघ, पाचवी रेघ आडवी. मग ते म्हणाले, “आणि एक लक्षात ठेवा. ओळखीच्यांची भर घालायची नाही. असला तक्ता मला नको.”

सगळे हसले. का हसले ते मला कळलं नाही. मी वहीत लिहून घेतलं: ‘ओळखीची माणसे घेऊ नयेत.’ खाली दोन रेघा मारल्या.

जिते गावच्या दोघांना स्टेशन मिळालं. काहींना वडखळकडून येणारा रस्ता. मला आणि माझ्या मैत्रिणीला रामवाडीपुढचा एक कोपरा मिळाला, जिथे हायवे ओलांडून आमच्या वाडीची वाट शहरात शिरते. मैत्रीण रामवाडीचीच. तिच्या वडिलांचं दुकान आहे, दोन्ही भाऊ कुवेतला. तिला गप्प बसता येत नाही आणि मला बोलता येत नाही, म्हणून आमचं जमतं. आम्ही काम वाटून घेतलं. चाकं तिची, पाय माझे. सायकलीही माझ्याकडे.

आमची वाडी डोंगराच्या पायथ्याशी आहे. तीसेक घरं. वाडीतल्या बाया सकाळी टोपल्या घेऊन पेणच्या बाजारात येतात. थंडीचे दिवस होते, त्यामुळे टोपल्यांत वालाच्या शेंगा आणि पोपटीसाठी शेंगा भाजताना मडक्यात घालायला लागतो तो भामरुडीचा पाला. वाट पाऊण तासाची, डोक्यावर टोपली असली की तासाहून जास्त. वाडीची वाट हायवेला मिळते त्या फाट्यावर सहा सीटरवाले थांबतात, पण टोपली बघितली की म्हणतात, “मागून येतेय ती गाडी धर.” मागून येणाराही तेच म्हणतो. म्हणून बाया चालतात.

आईसुद्धा चालते. त्या वर्षी तिचा उजवा गुडघा सुजायला लागला होता. सरकारी दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले होते, डोक्यावर वजन घेऊन चालणं बंद करा. आई बाहेर येऊन म्हणाली, “चांगला हाय बिचारा डॉक्टर. जेवला असेल पोटभर.”

मोजणीच्या सकाळी वाडीच्या बाया एका ओळीत हायवे ओलांडून आल्या. पुढे माझी आत्या, तिच्यामागे मोठी मामी, मग तिच्या दोन सुना, मग शेजारची आजी. आई शेवटी, गुडघ्यामुळे.

मी पेन उचललं, आणि सरांचं वाक्य आठवलं. पेन खाली ठेवलं.

आत्याला घ्यायचं नाही, हे उघड होतं. मामीलाही नाही. मग सुना? त्याही ओळखीच्याच. आजी माझी कोणी लागत नाही, पण लहानपणी तिनेच मला सांभाळलंय. आमच्या वाडीत माझं नातं नाही असं एकही घर नाही. एकीला घेतलं आणि दुसरीला सोडलं तर ती लबाडी झाली असती. म्हणून मी कोणालाच घेतलं नाही. वीस-बावीस बाया माझ्यासमोरून गेल्या आणि तक्त्यावर एक रेघ पडली नाही.

जाताना आईने विचारलं, “खाल्लंस का गो काय?”

मी मान हलवली. तिच्याशी बोलणंसुद्धा नियमात बसतं की नाही, याची खात्री नव्हती.

“मास्तरीण झाली आमची,” आत्या म्हणाली आणि सगळ्या हसत पुढे गेल्या. मैत्रीण रस्त्याच्या पलीकडे होती, ट्रक मोजत. तिने काही पाहिलं नाही. घरी जाताना मला स्वतःचा अभिमान वाटत होता. मोह झाला होता आणि मी तो टाळला होता.

तीन आठवड्यांनी सरांनी वर्गात नकाशा लावला. शहराभोवती हिरव्या रंगाचे तीन मार्ग. अजून कच्चा आहे, म्हणाले, सोमवारी पालिकेत बैठक आहे, तिथे पक्का होईल. आमच्याकडे येणारा हिरवा मार्ग रामवाडीपाशी वळून नव्या सोसायट्यांकडे गेला होता. वाडीचा फाटा त्याच्या बाहेर होता.

एका मुलाने विचारलं, “सर, हायवेच्या पलीकडे का नाही नेला?”

“तिकडून येणारं कोणी दिसत नाही,” सर म्हणाले. “आकडेच नाहीत. पायी शून्य, सायकल दोन.”

मैत्रीण माझ्याकडे वळली. “कोण नाय? तुझी आई रोज येते ना? आमच्या दारावरनं तर जाते.”

मी वही मिटायला लागले. तिने माझ्याकडे नीट पाहिलं, माझी वही ओढून घेतली, मागची पानं चाळली आणि त्या दोन रेघा मारलेल्या ओळीवर बोट ठेवलं. “तौबा गो,” ती हळूच म्हणाली. “हे काय लिहिलंस?”

त्या संध्याकाळी घरी गेले तर आई चुलीपुढे बसून रुईचं पान शेकत होती. पानाला तेल लावून ती ते गुडघ्यावर बांधते. बसची बातमी वाडीत माझ्याआधी पोचली होती. बाजारात कोणीतरी सांगितलं होतं की धूर न करणारी बस येणार, आणि आईने फाट्यावर ती थांबणारच असं धरून चालायला सुरुवात केली होती.

“टोपली घेऊन बसू देतील ना गो?”

“देतील,” मी म्हणाले.

“मी पुढंच बसनार. मागं हादरे लागतात. आत्याला सांगून ठेवलाय, पुढची जागा माझी.” मग पान बांधता बांधता म्हणाली, “अजून दोन-चार वर्सं काढीन मी बाजाराची, बस मिळाली तर. तुझं सगळं होईस्तोवर.”

मी जेवले नाही. पोट दुखतंय म्हणाले.

सरांना सांगायला हवं हे मला कळत होतं. मेसेज लिहिला आणि पुसला, असं चार वेळा झालं. पहिल्यात फार माफी होती, दुसऱ्यात चूक कुठली तेच कळत नव्हतं. सर चिडतील याची भीती होती, पण त्याहून मोठी भीती अशी की ते म्हणतील, या मुलीला नातेवाईकांसाठी बस हवी आहे म्हणून आता आकडे बदलायला आलीय. मोजणीच्या दिवशी ज्याला भ्याले, तेच आता करायला निघाल्यासारखं वाटत होतं.

शनिवारी मैत्रीण म्हणाली, “फोन नको. तू फोनवर बोलतच नाहीस, नुसता श्वास ऐकू येतो. उद्या रोह्याला जाऊ.”

“दोघी?”

“मग? तुला एकटीला सोडलं तर तू नागोठण्याला उतरशील आणि परत येशील.”

रविवारी सकाळच्या ट्रेनने निघालो. डब्यात जागा होती. मी खिडकीशी बसून मनातल्या मनात वाक्य जुळवत होते. नागोठणे आलं तेव्हा मैत्रिणीने माझं मनगट धरलं आणि गाडी सुटेपर्यंत सोडलं नाही.

सरांचं घर स्टेशनपासून लांब नव्हतं. काकूंनी दार उघडलं, आम्हाला बसवलं, पोहे करायला गेल्या. सर बनियनवर होते, घाईने शर्ट घालून आले. मैत्रीण आयुष्यात पहिल्यांदा गप्प बसली होती. मला बोलावंच लागलं.

“सर, तो शून्य खोटा आहे,” मी म्हणाले. जुळवलेलं वाक्य हे नव्हतं.

मग सगळं सांगितलं. बाया, टोपल्या, नियम. वहीसुद्धा दाखवली. सरांनी ती ओळ वाचली, चष्मा काढला, पुन्हा वाचली.

“अगं, मी म्हणालो होतो की भर घालू नका. मागे एकदा पोरं घरी बसून मित्रांच्या नावाने रेघा मारून तक्ते भरत होती. न आलेल्यांना आणू नका, एवढंच. आलेल्यांना गाळा असं कोण सांगेल?”

“मला ते माहीत नव्हतं सर.”

“सगळे हसले तेव्हा विचारायचंस.”

“सगळे हसले म्हणूनच नाही विचारलं.”

सरांनी वही मिटून माझ्यापुढे ठेवली. आतून काकू ताटल्या घेऊन आल्या, त्यांनी सगळं ऐकलं होतं. “म्हणजे आता माझी ओळख झाली,” त्या म्हणाल्या, “आता मी पेणला आले तर मला मोजणार नाहीस वाटतं?” मैत्रीण फिस्सकन हसली आणि तिच्या पोह्यातले दाणे चादरीवर सांडले. सरही हसले. मला हसू आलं नाही, रडू आलं, आणि काकू माझ्या शेजारी बसून म्हणाल्या, “खा आधी.”

सर म्हणाले, आठवून सांगितलेला आकडा बैठकीत चालणार नाही, पुन्हा मोजायला हवं. बैठक सोमवारी दुपारी. सकाळ हातात होती. “मी पहिल्या गाडीने येतो. फाट्यावरच भेटू. या वेळी मीही मोजेन, तूही मोज, आणि दोघांचं जुळलं पाहिजे.”

परतीच्या ट्रेनमध्ये मैत्रीण म्हणाली, “बघ, खाल्लं का त्यांनी तुला?” मला एवढी भूक लागली होती की स्टेशनवर उतरल्या उतरल्या मी दोन वडापाव खाल्ले. बस अजून मिळाली नव्हती, काही ठरलं नव्हतं, तरी छातीवरचं ओझं निम्मं उतरलं होतं.

आता आईला सांगायचं राहिलं होतं. ते मी सोमवारी सकाळपर्यंत लांबवलं, आणि मग माझ्याआधी सरांनीच सांगितलं.

सर फाट्यावरच्या दगडावर तक्ता घेऊन बसले होते. बाया आल्या आणि शर्ट खोचलेला माणूस आपल्याकडे बघून रेघा मारतोय म्हटल्यावर थांबल्या.

“ओ मास्तर, आमची डोकी मोजताव की टोपल्या?” मामीने विचारलं.

“माणसं मोजतोय.”

“मग हिला दोन धरा,” मामीने सुनेच्या पोटाकडे बोट केलं. “सातवा लागलाय.”

सून पदरात तोंड लपवून हसली. शेजारची आजी पुढे येऊन म्हणाली की ती संध्याकाळी परत पण जाते, तेव्हा तिची दुसरी रेघ आत्ताच मारून ठेवावी, संध्याकाळी मास्तर थांबतील याचा काय भरवसा. सरांनी तिला समजावलं की परतीचा तक्ता वेगळा आहे. आजीला पटलं नाही. ती रेघ बघायला सरांच्या खांद्यावरून वाकून उभी राहिली.

आई शेवटी आली. “हे परत कशाला?” तिने विचारलं. “मागं मोजलंनी ना?”

“मागच्या वेळी तुम्ही सगळ्या राहून गेलात,” सर म्हणाले. “मुलगी फार प्रामाणिक आहे तुमची. घरची माणसं म्हणून तुम्हाला धरलंच नाही.”

आई माझ्याकडे वळली. डोक्यावरची टोपली तशीच होती. “म्हंजे मी आलीच नाय त्या दिवशी?”

“तक्त्यात नाय,” मी म्हणाले.

“मग शेंगा कोनी इकल्या?”

आत्याला इतकं हसू फुटलं की तिला टोपली खाली ठेवावी लागली. आई हसली नाही. ती माझ्याजवळ आली आणि हळू आवाजात म्हणाली, “लाज वाटली का गो माझी? पोरींसमोर?”

हे विचारेल असं मला वाटलं नव्हतं. “नाय आये,” मी म्हणाले. “सरांनी सांगितलंय असं वाटलं. तुला घेतलं तर तुझ्यासाठी चोरी केली असं होईल, म्हणून.”

तिने डोक्यावरची टोपली नीट केली. मग म्हणाली, “वेडी हायस,” आणि चालायला लागली. चार पावलांवर थांबून मागे न वळता ओरडली, “मार माझी रेघ आता.”

मी मारली. सरांचा आणि माझा आकडा जुळला.

दुपारी बैठकीला सर मला घेऊन गेले. मी मागच्या खुर्चीवर बसले. सरांनी नवा तक्ता पुढे ठेवला आणि चूक कशी झाली ते माझं नाव न घेता सांगितलं. पालिकेच्या एक अधिकारी बाई होत्या, योजना त्यांच्याकडे होती. त्यांनी तक्ता नीट वाचला. मग म्हणाल्या, “सर, या बायका चालतच येतात. त्यांचा धूर शून्यच आहे. आपल्याला गाड्यांमधली माणसं बसमध्ये आणायची आहेत. चालणाऱ्यांना बसमध्ये बसवून शहराचा धूर कसा कमी होणार?”

सर तक्त्यावरचे आकडे पुन्हा बघायला लागले. प्रश्न बरोबर होता. मलाही तो बरोबर वाटला. एवढं सगळं करून फाटा राहणारच होता.

मी उभी राहिले ते बोलायचं ठरवून नाही. खुर्ची वाजली आणि सगळ्यांनी वळून पाहिलं.

“मॅडम,” मी म्हणाले, “त्या हौसेने नाही चालत. सहा सीटरवाला टोपली घेत नाही म्हणून चालतात.” आवाज इतका लहान होता की त्यांनी “जरा मोठ्याने” म्हटलं. मी पुन्हा सांगितलं. “आणि सगळ्यांना कायम चालता येणार नाही. माझ्या आईचा गुडघा गेलाय. तिला चालायला जमेनासं झालं की ती एकतर टेम्पोत बसेल, सगळ्या मिळून टेम्पो करतील, म्हणजे धूरच होईल. नाहीतर ती येणारच नाही. मग तुमच्या आकड्यात पुन्हा शून्य दिसेल.” पुढे काय बोलायचं ते सुचलं नाही. “आत्तापर्यंत धूर न करता त्याच आल्यात,” एवढं म्हणून मी बसले.

बाईंनी नकाशा पुढे ओढला. शेजारच्या इंजिनिअरना त्यांनी विचारलं, बस हायवेच्या पलीकडे वळवता येते का. इंजिनिअर म्हणाले, फाट्यावर वळायला जागा आहे, अंतर थोडं वाढेल. बाईंनी पेन्सिल घेतली आणि हिरव्या रेघेला फाट्यापर्यंत एक शेपूट काढलं. “सकाळी एक फेरी आणि संध्याकाळी एक. सहा महिने बघू. आणि टोपल्यांसाठी मागची दोन बाकं काढा.”

जिन्यातून उतरताना सर म्हणाले, “भर नाही घातलीस, होती तेवढीच माणसं सांगितलीस.” मला नीट ऐकू आलं नाही, कान गरम झाले होते. मी फक्त “हो सर” म्हणाले.

बस सुरू झाली तेव्हा शेंगांचा हंगाम संपला होता आणि बाया करवंदं आणायला लागल्या होत्या. पहिल्या दिवशी मी बायांबरोबर फाट्यावरून बसने गेले नाही. आदल्या रात्री मैत्रिणीकडे अभ्यासाला राहिले होते, म्हणून सकाळी दोघी बाजाराच्या तोंडाशी जाऊन उभ्या राहिलो. गल्ली गाड्यांना बंद झाली होती, त्यामुळे लवकर गेलं तर झाडू मारल्याचा आवाज ऐकू येतो. बस आली तेव्हा तिचा काहीच आवाज आला नाही, एकदम समोरच उभी राहिली. दार उघडलं. मामी उतरली, बाळाला घेऊन सून उतरली, टोपल्या एकीच्या हातातून दुसरीच्या हातात खाली आल्या.

आई उतरली आणि इकडेतिकडे बघायला लागली. एकही दुकान उघडलं नव्हतं. गिऱ्हाईक यायला तासभर होता.

“काय गो हे,” ती वैतागून म्हणाली. “इतक्या लवकर आणून टाकलाय. आता एवढा येळ मी काय करू?”

“बस ना जरा,” मी म्हणाले.

ती रोजच्या जागी बसली. टोपली बाजूला ठेवली, पाठ भिंतीला टेकवली, आणि दोन्ही पाय समोर लांब केले.